क्लीव्हलँडचे सलग २२ विजय आणि त्यामागचे पिचिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये २०१७ साली क्लीव्हलँडच्या संघाने सलग २२ सामने जिंकले. या विजयमालिकेविषयी वाचकांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न क्रिकेटवर वाढलेल्या आणि बेसबॉल नव्याने पाहू लागलेल्या वाचकांचे आहेत, तर काही अमेरिकेत राहून हा खेळ नेमाने पाहणाऱ्यांचे आहेत. म्हणून सुरुवात प्राथमिक माहितीपासून केली असून नोंदींतील बारकावे शेवटी घेतले आहेत.

१. ही विजयमालिका नेमकी केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली?

पहिला विजय २४ ऑगस्ट २०१७ रोजी बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध १३-६ असा मिळाला आणि बाविसावा १४ सप्टेंबर रोजी कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध दहाव्या इनिंगमध्ये ३-२ असा मिळाला (सामना सहसा नऊ इनिंगचा असतो आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात). १५ सप्टेंबरला रॉयल्सनेच क्लीव्हलँडला ४-३ असे हरवले. मालिका सुरू होण्यापूर्वी संघाची कामगिरी ६९ विजय आणि ५६ पराभव अशी होती, म्हणजे चांगली असली तरी डोळ्यांत भरणारी नव्हती. मालिका संपली तेव्हा ती ९१ विजय आणि ५६ पराभवांवर पोहोचली होती. पराभवांचा आकडा तीन आठवडे जागचा हलला नाही.

२. जुन्या बातम्यांत संघाचे नाव ‘इंडियन्स’ दिसते आणि आता ‘गार्डियन्स’. संघ एकच आहे का?

होय, संघ एकच आहे. २०२१ च्या हंगामानंतर क्लीव्हलँडने ‘इंडियन्स’ हे नाव सोडले आणि २०२२ पासून हा संघ ‘गार्डियन्स’ म्हणून खेळतो. जुने विक्रम याच संघाच्या नावावर आहेत. या पानावर सोयीसाठी सर्वत्र ‘क्लीव्हलँड’ असे म्हटले आहे.

३. पिचर म्हणजे क्रिकेटमधला गोलंदाजच ना? मग त्याला इतके महत्त्व का?

चेंडू टाकणारा या अर्थाने तो गोलंदाजच आहे, पण त्याच्यावरचा भार निराळा असतो. क्रिकेटमध्ये दोन्ही टोकांकडून गोलंदाज बदलत राहतात आणि षटक संपले की चेंडू दुसऱ्याच्या हाती जातो. बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, बहुधा पाच ते सात इनिंग एकटाच टाकतो. शिवाय एकदा बाहेर काढलेल्या पिचरला त्या सामन्यात परत येता येत नाही. नव्वद ते एकशे दहा चेंडू टाकून झाले की स्टार्टरचे त्या दिवसाचे काम संपते आणि त्यानंतर साधारण चार दिवस तो विश्रांती घेतो. त्यामुळे प्रत्येक संघ पाच स्टार्टर ठेवतो आणि ते आळीपाळीने खेळतात. या आळीला रोटेशन म्हणतात. स्टार्टरनंतर येणाऱ्यांना रिलीव्हर म्हणतात आणि ते मैदानाच्या कडेला जिथे तयारी करतात त्या जागेला, आणि तिच्यावरून या रिलीव्हरांनाही एकत्रितपणे, बुलपेन.

समोरचा संघ किती धावा करणार हे सर्वांत अधिक पिचरच्या हातात असते. आज कोण पिचिंग करणार हे कळले की जाणकार प्रेक्षक सामन्याचा अर्धा अंदाज बांधतो, तो याच कारणाने.

४. बातम्यांत ‘ईआरए’ असा आकडा येतो. तो कसा काढतात आणि या मालिकेत तो किती होता?

ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावांची सरासरी. क्षेत्ररक्षकांच्या चुकीमुळे झालेल्या धावा त्यातून वगळतात, कारण त्यांचा दोष पिचरकडे जात नाही. आकडा जितका कमी तितके पिचिंग चांगले. साधारणपणे चारच्या आसपासचा ईआरए ठीक समजतात, तीनच्या खालचा उत्तम मानतात आणि संपूर्ण संघाचा ईआरए दोनच्या खाली जाणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

या २२ सामन्यांत क्लीव्हलँडच्या पिचरांनी १९९ इनिंग टाकल्या आणि एकूण ३७ धावा दिल्या. त्यांपैकी ३५ धावा पिचरांच्या खात्यावरच्या होत्या. पस्तिसाला नऊने गुणून १९९ ने भागले की १.५८ येतात. सात सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करता आली नाही. त्यांतले तीन सामने २५ ते २७ ऑगस्ट या काळात रॉयल्सविरुद्ध लागोपाठ झाले आणि त्यांचे निकाल ४-०, ४-० आणि १२-० असे होते.

५. बलाढ्य संघाने सलग २२ सामने जिंकावेत यात एवढे नवल काय? फुटबॉलमध्ये असे होतच असते.

बेसबॉलमध्ये बलाढ्य संघही वारंवार हरतो. एका हंगामात १६२ सामने असतात आणि त्यांतले शंभर जिंकणारा संघ फार मोठा मानला जातो, म्हणजे सर्वोत्तम संघही दहापैकी सुमारे चार सामने गमावतो. एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६० टक्के धरली, तर ठरावीक दिवसापासून पुढचे सलग २२ सामने जिंकण्याची शक्यता सुमारे ७६ हजारांत एक एवढीच येते. ती ७० टक्के धरली तरी सुमारे अडीच हजारांत एक येते, आणि संपूर्ण हंगामभर ७० टक्के सामने जिंकणारे संघ शंभर वर्षांत मोजकेच झाले आहेत.

याचा अर्थ, त्या तीन आठवड्यांत क्लीव्हलँड नेहमीपेक्षा पुष्कळ वरच्या पातळीवर खेळत होते आणि दैवही त्यांच्या बाजूने होते. यातली एकच गोष्ट असती तर आकडा बाविसापर्यंत गेला नसता.

६. एक असामान्य पिचर असला की अशी मालिका होऊ शकते का?

होऊ शकत नाही. या साऱ्या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. सर्वोत्तम पिचर पाच दिवसांतून एकदाच खेळतो. उरलेल्या चार दिवसांतल्या कोणत्याही एका दिवशी कच्चा पिचर सापडला की मालिका तुटते. पाच जणांच्या रोटेशनला २२ सामन्यांत चारपेक्षा अधिक फेऱ्या कराव्या लागतात, म्हणजे संघाच्या पाचव्या क्रमांकाच्या पिचरनेही चार वेळा जिंकून द्यावे लागते. लांब मालिका किती टिकेल हे रोटेशनच्या तळाशी असलेला खेळाडू ठरवतो.

क्लीव्हलँडपुढे पेच याहूनही मोठा होता. दोन दिवशी एकेका दिवसात दोन-दोन सामने खेळावे लागल्यामुळे (प्रश्न १२ पाहावा) पाच पिचर पुरणार नव्हते. म्हणून कोरी क्लुबर, कार्लोस कारास्को, ट्रेव्हर बाउअर आणि माइक क्लेव्हिंजर या चौघांखेरीज जॉश टॉमलिन, रायन मेरिट आणि डॅनी सालाझार यांनीही सामने सुरू केले. मेरिटने त्या हंगामात मेजर लीगमध्ये मोजकेच सामने खेळले होते आणि त्याच्या चेंडूला फारसा वेग नव्हता, तरी त्याच्या पाळीला संघ हरला नाही.

७. हे पिचर कोण होते आणि क्लीव्हलँडकडे ते आले कसे?

क्लुबर हा त्यांचा म्होरक्या. २०१७ च्या हंगामात त्याने १८ सामने जिंकले, ४ गमावले, ईआरए २.२५ राखला आणि अमेरिकन लीगमधील (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक, दुसरी नॅशनल लीग) सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार दुसऱ्यांदा मिळवला. पहिला त्याला २०१४ मध्ये मिळाला होता. मे महिन्यात पाठीच्या दुखण्यामुळे तो संघाबाहेर होता. १ जूनला परतल्यानंतर त्याचा चेंडू फलंदाजांच्या आवाक्यात आलाच नाही, असे म्हटले तरी चालेल. त्याचा वळणारा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाच्या अंगाजवळून निघाल्यासारखा दिसतो आणि शेवटच्या क्षणी प्लेटच्या (फलंदाजापुढची पांढरी पट्टी, जिच्यावरून चेंडू जावा लागतो) पलीकडच्या कडेकडे सरकतो. चेहऱ्यावर कधी कसलाच भाव नसल्याने चाहत्यांनी त्याला ‘क्लुबॉट’ असे नाव दिले होते.

कारास्कोनेही त्या हंगामात १८ सामने जिंकले, बाउअरने १७ आणि क्लेव्हिंजरने १२. बाउअरने त्या वर्षी कर्व्हबॉलचा (खाली वळत येणाऱ्या संथ चेंडूचा) वापर बराच वाढवला. क्लेव्हिंजर लांब केसांचा, पाय उंच उचलून चेंडू टाकणारा तरुण होता आणि हंगामाच्या सुरुवातीला त्याची जागाही पक्की नव्हती.

यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हे चौघेही क्लीव्हलँडने इतर संघांशी खेळाडूंची अदलाबदल करून मिळवले होते, आणि तेही त्यांचे नाव होण्यापूर्वी. क्लिफ ली हा नामांकित पिचर २००९ मध्ये फिलाडेल्फियाला दिला तेव्हा बदल्यात आलेल्यांत कारास्को होता. क्लुबर २०१० मध्ये सॅन डिएगोकडून तीन संघांच्या व्यवहारात आला आणि बाउअर २०१२ च्या डिसेंबरमध्ये ॲरिझोनाकडून तशाच तिहेरी व्यवहारात आला. क्लेव्हिंजर २०१४ मध्ये एका रिलीव्हरच्या बदल्यात एंजल्सकडून मिळाला. क्लीव्हलँड हा न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिससारखा श्रीमंत संघ नाही. तयार पिचर विकत घेणे परवडत नसल्यामुळे कच्चा माल ओळखायचा आणि वर्षानुवर्षे घडवायचा, हाच त्यांच्यापुढचा मार्ग होता. कारास्कोला तर २०१४ मध्ये अपयशामुळे रोटेशनमधून काढून बुलपेनमध्ये बसवले होते. तिथून परतून तो रोटेशनचा आधारस्तंभ झाला, यात त्याचे कष्ट जितके आहेत तितकाच संघाचा धीरही आहे.

८. फलंदाजांचे श्रेय आपण कमी करत नाही का? संघाने १४२ धावा केल्या होत्या.

फलंदाजांचे श्रेय नक्कीच आहे. २२ सामन्यांत १४२ धावा म्हणजे सामन्याला जवळजवळ साडेसहा धावा होतात. संघाने ४१ होम रन (चेंडू मैदानाबाहेर धाडणारे, षटकारासारखे फटके) मारले, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना जितक्या धावा करू दिल्या (३७) त्याहून यांचे होम रनच अधिक होते. फ्रान्सिस्को लिंडोर, होजे रामिरेझ आणि एडविन एन्कार्नासियॉन तेव्हा बहरात होते, आणि ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून आणलेला जे ब्रूसही उपयोगी पडला.

तरीही उरलेल्या हंगामाशी तुलना केली की चित्र स्पष्ट होते. संपूर्ण हंगामात क्लीव्हलँडने ८१८ धावा केल्या आणि ५६४ दिल्या. मालिकेचे २२ सामने वगळले तर उरलेल्या १४० सामन्यांत त्यांनी सामन्यामागे ४.८३ धावा केल्या आणि ३.७६ दिल्या. मालिकेत हे आकडे अनुक्रमे ६.४५ आणि १.६८ झाले. म्हणजे धावा करण्यात सामन्यामागे सुमारे १.६ ची भर पडली आणि देण्यात सुमारे २.१ ची घट झाली. फलंदाजीत तिसरा हिस्सा वाढ झाली, तर प्रतिस्पर्ध्यांच्या धावा निम्म्याहूनही खाली आल्या.

आणखी एक कारण निकालांतच दिसते. २-१, ३-२, २-० असे सामनेही या मालिकेत आहेत. फलंदाजी थंड पडलेल्या दिवशी सामना वाचवला तो पिचिंगने. २४ ऑगस्टच्या पहिल्या सामन्यानंतर एकाही सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या चारपेक्षा अधिक धावा झाल्या नाहीत.

९. पिचरखेरीज या यशात पडद्यामागचे कोण होते?

दोन कॅचर, रोबेर्तो पेरेझ आणि यान गोम्स. फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा कॅचर पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे सुचवतो आणि प्लेटच्या कडेवरचा चेंडू तो असा झेलतो की पंचाला तो आतला वाटावा. पेरेझ या कलेत वाकबगार होता. व्यवस्थापक (सामन्यात संघाचे निर्णय घेणारे) टेरी फ्रँकोना यांनी पिचरांना केव्हा थांबवायचे याचे भान कधी सुटू दिले नाही. पिचिंगचे प्रशिक्षक मिकी कॅलवे यांची त्या हंगामानंतर न्यूयॉर्क मेट्सने व्यवस्थापकपदी निवड केली.

१०. मुख्य रिलीव्हर अँड्र्यू मिलर जखमी असताना शेवटच्या इनिंग कोणी सांभाळल्या?

मिलर गुडघ्याच्या दुखण्यामुळे जवळपास संपूर्ण मालिकेत बाहेर होता. मायकेल ब्रँटली आणि जेसन किपनिस हे दोन मोठे फलंदाजही जखमी होते. शेवटच्या इनिंगची जबाबदारी मुख्यतः कोडी ॲलनवर आणि त्याआधीची ब्रायन शॉ व इतरांवर होती. स्टार्टर सहा-सात इनिंगपर्यंत टिकत असल्याने बुलपेनला रोज दोन-तीन इनिंगच टाकाव्या लागत. बुलपेन दमले की विजयमालिका दहा-बारा सामन्यांतच आटोपते असा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे ते दमले नाही, आणि याचेही मूळ स्टार्टरांकडेच जाते. १ सप्टेंबरपासून त्या काळच्या नियमानुसार संघात ४० पर्यंत खेळाडू ठेवता येत, याचाही लाभ झाला, मात्र तो सर्वच संघांना सारखाच होता.

११. प्रतिस्पर्धी दुबळे होते, अशी टीका होते. ती खरी आहे का?

बऱ्याच अंशी खरी आहे. सात सामने डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध होते आणि त्या संघाने हंगामात ९८ सामने गमावले. त्याच दिवसांत त्यांनी आपला आघाडीचा पिचर जस्टिन व्हर्लँडर ह्यूस्टनला देऊन टाकला होता. चार सामने शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध होते, ज्यांचे ९५ पराभव झाले. रॉयल्स (चार सामने) आणि बाल्टिमोर ओरिओल्स (तीन सामने) यांचेही हंगामाअखेर विजयांपेक्षा पराभव अधिक होते. म्हणजे २२ पैकी १८ सामने अशा संघांविरुद्ध झाले. उरलेले चार मात्र बॉस्टन आणि न्यूयॉर्क यांकीज या ९० हून अधिक सामने जिंकणाऱ्या संघांविरुद्ध होते, आणि यांकीजविरुद्धचे तिन्ही सामने त्यांच्याच मैदानावर झाले.

ही टीका मान्य करूनही एक गोष्ट सांगावीशी वाटते. असे दुबळे संघ दर हंगामात असतात आणि प्रत्येक चांगल्या संघाच्या वाट्याला ते लागोपाठ येत असतात. तरीही अमेरिकन लीगच्या त्याआधीच्या शंभराहून अधिक वर्षांत कोणालाच २१ चा टप्पा गाठता आला नव्हता. सर्वांत तळाचा संघही साधारणपणे तीन-चार सामन्यांत एक जिंकतो.

१२. बावीस दिवसांत बावीस सामने, म्हणजे विश्रांतीचा एकही दिवस नव्हता का?

होता, पण त्याची भरपाई करावी लागली. २९ ऑगस्टचा न्यूयॉर्कमधील सामना पावसामुळे झाला नाही, म्हणून ३० ऑगस्टला तेथे एकाच दिवशी दोन सामने खेळले गेले (२-१ आणि ९-४). ३१ ला सुटी होती, परंतु १ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये पुन्हा एका दिवसात दोन सामने होते (३-२ आणि १०-०). म्हणजे वीस दिवस प्रत्यक्ष खेळ झाला आणि त्यातील दोन दिवस दुहेरी होते. न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो असा प्रवास करत परमैदानावरचे अकराही सामने संघाने जिंकले.

१३. सर्वांत चांगले पिचिंग कोणत्या सामन्यात झाले?

माझ्या मते १२ सप्टेंबरच्या, म्हणजे विसाव्या सामन्यात. त्या दिवशी विजय मिळाला तर २००२ साली ओकलंडने केलेल्या अमेरिकन लीगच्या विक्रमाशी बरोबरी होणार होती. पहिल्याच इनिंगमध्ये लिंडोरने संघाचा पहिला फलंदाज म्हणून होम रन मारला. त्यानंतर क्लीव्हलँडच्या फलंदाजीला आणखी एकच धाव जोडता आली. क्लुबरला ती पुरेशी होती. टायगर्सविरुद्ध त्याने नऊच्या नऊ इनिंग स्वतः टाकल्या, पाच यशस्वी फटके मारू दिले, आठ जणांना स्ट्राइकआउट केले (चुकलेल्या किंवा सोडलेल्या योग्य चेंडूंचे तीन स्ट्राइक झाल्याने बाद केले) आणि एकालाही वॉक (चार चेंडू बाहेर गेल्याने फुकट मिळणारा पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा) दिला नाही. निकाल २-० असा लागला.

आजकाल पिचरने संपूर्ण सामना स्वतः टाकणे दुर्मीळ झाले आहे. विक्रमाचे दडपण आणि दोनच धावांची आघाडी असताना व्यवस्थापकाने नवव्या इनिंगमध्येही चेंडू त्याच्याच हाती ठेवावा, यातून त्याच्यावरचा विश्वास कळतो. वॉक न देण्याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. थोडक्या आघाडीत पिचर सावध होऊन चेंडू प्लेटपासून दूर टाकू लागतो आणि फुकट बेस देऊन बसतो. क्लुबरने चेंडू कडेवर ठेवला, पण आतच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लीव्हलँडने टायगर्सना ५-३ असे हरवून २१ वा विजय मिळवला आणि ओकलंडचा विक्रम मोडला.

१४. बाविसावा सामना जवळजवळ हातचा गेला होता असे ऐकले. काय घडले?

१४ सप्टेंबरच्या त्या सामन्यात रॉयल्स २-१ ने पुढे होते. नववी इनिंग, दोन फलंदाज बाद, आणि लिंडोरवर दोन स्ट्राइक झालेले. पराभव एका चेंडूवर आला होता. रॉयल्सचा रिलीव्हर केल्विन हेरेरा याच्या पुढच्या चेंडूंपैकी एक लिंडोरने डाव्या बाजूच्या उंच भिंतीकडे मारला. ॲलेक्स गॉर्डनने मागे धावत उडी घेतली, चेंडू त्याच्या हातमोज्याला चुकवून भिंतीवर आदळला आणि बरोबरीची धाव झाली. दहाव्या इनिंगमध्ये रामिरेझने सर्वसाधारण धावकाने पहिल्या बेसवर थांबावे अशा फटक्यावर जिवाच्या आकांताने दुसरा बेस गाठला आणि डोके पुढे करून सूर मारला. ब्रूसच्या फटक्यावर तोच विजयी धाव घेऊन आला.

एक बारकावा लक्षात ठेवावा. जादा इनिंग सुरू होताना दुसऱ्या बेसवर आयता धावक देण्याचा नियम २०२० पासूनचा आहे. २०१७ मध्ये तो नसल्याने रामिरेझला तो बेस कमवावा लागला.

ज्या दिवशी फलंदाजी नऊ इनिंगमध्ये दोनच धावा करू शकली, त्या दिवशीही सामना हातात राहिला, कारण पिचरांनी दहा इनिंगमध्ये दोनच धावा दिल्या. या सामन्याची आठवण फटक्यांमुळे राहते, पण आधार पिचिंगचाच होता.

१५. मालिका तुटली तेव्हा प्रेक्षकांनी काय केले?

१५ सप्टेंबरला बाउअर पिचिंग करत होता. रॉयल्सने ४-३ असा विजय मिळवला आणि सामना संपताच क्लीव्हलँडचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. खेळाडू डगआउटमधून (मैदानालगतच्या बसण्याच्या जागेतून) बाहेर आले आणि त्यांनी टोप्या उंचावून प्रेक्षकांना प्रतिसाद दिला. हरलेल्या संघाला घरच्या मैदानावर असा मान क्वचित मिळतो. त्यानंतर दोनच दिवसांनी संघाने आपला विभाग (लीगमधील आपल्या संघांचा गट) जिंकला.

१६. मग विक्रम २२ चा की २६ चा?

क्लीव्हलँडच्या नावावर अमेरिकन लीगचा विक्रम आहे. संपूर्ण मेजर लीगचा विक्रम १९१६ च्या न्यूयॉर्क जायंट्सच्या नावावर असून तो २६ विजयांचा आहे. मात्र जायंट्सच्या मालिकेत १२ विजयांनंतर एक सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि त्यापुढे १४ विजय आले. बेसबॉलमध्ये सामना निकालापर्यंत खेळवायचा असतो, पण त्या काळी मैदानांवर दिव्यांची सोय नव्हती आणि पाऊस किंवा अंधार झाला की सामना बरोबरीत सोडत. बरोबरी म्हणजे पराभव नव्हे, म्हणून अधिकृत नोंदीत मालिका अखंड मानली जाते.

ज्यांना ‘सलग’ या शब्दाचा काटेकोर अर्थ हवा आहे ते म्हणतात की मध्ये एकही बरोबरी नसलेली सर्वांत लांब मालिका क्लीव्हलँडची आहे, कारण १९३५ च्या शिकागो कब्जची मालिका २१ ची होती. अधिकृत विक्रम २६ चा आहे हे मान्य ठेवून दुसरी बाजूही सांगावी, हेच मला योग्य वाटते. जायंट्सची मालिकाही पिचिंगवरच उभी होती. त्यांच्या फर्डी शुप याचा त्या हंगामातला ईआरए ०.९० होता. ते २६ सामने त्यांनी घरच्या मैदानावरच जिंकले आणि तरीही हंगामाअखेर संघ चौथ्या क्रमांकावर राहिला.

१७. सिनसिनाटीने १८६९ मध्ये ५७ सामने न हरता जिंकले होते. तो विक्रम का धरत नाहीत?

सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे व्यावसायिक असलेला पहिला संघ होता आणि त्याने १८६९ मध्ये ५७ विजय मिळवले, पराभव एकही नव्हता. १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या ॲटलांटिक संघाने ११ इनिंगमध्ये ८-७ असा विजय मिळवून ती मालिका तोडली. परंतु तेव्हा लीगच अस्तित्वात नव्हती आणि प्रतिस्पर्ध्यांत हौशी संघही असत. नॅशनल लीग १८७६ मध्ये सुरू झाली आणि मेजर लीगचे विक्रम तेथून मोजतात. कनिष्ठ लीगमध्ये सॉल्ट लेक ट्रॅपर्सने १९८७ साली सलग २९ सामने जिंकले आहेत, तर जपानच्या व्यावसायिक लीगमधील विक्रम १८ चा आहे. या सर्व नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या जातात.

१८. ओकलंडची २००२ ची मालिका अधिक प्रसिद्ध आहे. दोन्हींत फरक काय?

ओकलंडकडेही बॅरी झिटो, टिम हडसन आणि मार्क मल्डर असे तीन उत्कृष्ट स्टार्टर होते, म्हणजे मूळ तेच. फरक निकालांच्या स्वरूपात आहे. ओकलंडचा विसावा विजय ११-० अशी आघाडी गमावून स्कॉट हॅटबर्गच्या होम रनने १२-११ असा मिळाला. क्लीव्हलँडची मालिका त्या मानाने शांतपणे पुढे सरकली, कारण प्रतिस्पर्ध्यांना धावाच मिळत नव्हत्या. याहून जुने उदाहरण १९०६ च्या शिकागो व्हाइट सॉक्सचे आहे. लीगमधली सर्वांत कमी फलंदाजीची सरासरी असूनही एड वॉल्श, डॉक व्हाइट यांच्या पिचिंगवर त्या संघाने सलग १९ सामने जिंकले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) जिंकली.

१९. एवढे होऊनही क्लीव्हलँडला विजेतेपद मिळाले नाही, असे का?

संघाने १०२ विजयांनिशी हंगाम संपवला, पण बाद फेरीत यांकीजविरुद्धच्या पाच सामन्यांच्या मालिकेत पहिले दोन सामने जिंकूनही पुढचे तीन गमावले. तिसरा सामना ०-१ असा गेला. त्यात कारास्कोने उत्तम पिचिंग केले आणि फलंदाजांना एकही धाव मिळाली नाही. क्लुबर मात्र दोन्ही वेळा मार खाऊन लवकर बाहेर पडला. पाचव्या सामन्यात डिडी ग्रेगोरियसने त्याला दोन होम रन मारले. पाच सामन्यांच्या मालिकेत एका पिचरचे दोन वाईट दिवस पुरेसे ठरतात. बाद फेरीचे सामने विजयमालिकेच्या विक्रमात धरत नाहीत, त्यामुळे २२ चा आकडा या पराभवाने बदलत नाही.

२०. सालाझारचा सामना संघाने जिंकला, तरी विजय त्याच्या नावावर का नाही?

५ सप्टेंबरला व्हाइट सॉक्सविरुद्ध सालाझार लवकर बाहेर पडला आणि संघाने तो सामना ९-४ असा जिंकला. स्टार्टरच्या नावावर विजय लिहिण्यासाठी त्याने किमान पाच इनिंग पूर्ण केलेल्या असाव्या लागतात. तसे नसेल तर आघाडी टिकवणाऱ्या रिलीव्हरांपैकी सर्वांत परिणामकारक कोण हे अधिकृत गुणलेखक ठरवतो. याउलट, सामना बरोबरीत असताना स्टार्टर बाहेर पडला आणि नंतर संघ जिंकला, तर विजय सहसा त्या रिलीव्हरला मिळतो जो आघाडी घेतली जाताना खेळात होता. म्हणून पिचरांच्या नावावरचे विजय आणि त्यांच्या पिचिंगचा दर्जा यांचा मेळ नेहमी बसत नाही, आणि या मालिकेचा अभ्यास करताना ईआरए व टाकलेल्या इनिंग (प्रश्न ४) पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

२१. भारतातून असे सामने पाहायचे तर किती वाजता?

क्लीव्हलँडमधील संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी सुरू होतो आणि साधारण अडीच ते पावणेतीन तास चालतो. दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास असतात, तेव्हा नव्या प्रेक्षकाने त्यांपासून सुरुवात करावी. फटक्यांपेक्षा कॅचरचा हातमोजा पाहण्याची सवय लावावी. पिचरने चेंडू टाकण्यापूर्वी तो कुठे धरला आहे आणि चेंडू प्रत्यक्षात कुठे आला, यातले अंतर दोन-तीन इनिंग पाहिले की पिचर आज लयीत आहे की नाही ते कळू लागते.